आरव्ही-९ए: दुसरी बॅटरी की दुसरा अल्टरनेटर? सर्किट तपासून द्याल का?

ओहायोचा_मिस्त्री

नमस्कार मंडळी. घरी आरव्ही-९ए हे छोटं विमान बांधतोय. पंख आणि शेपूट पूर्ण झाली, आता पॅनेलमागचं वायरिंग हाती घेतोय. वायर कापण्याआधी सर्किट जाणकारांच्या नजरेखालून जावं म्हणून इथे टाकतो.

इंजिन लायकोमिंग ओ-३२०, कार्बुरेटरवालं. एका बाजूला मॅग्नेटो, दुसरीकडे इलेक्ट्रॉनिक इग्निशन. इंधनाचा मुख्य पंप इंजिनवरचा यांत्रिक, जोडीला विजेवरचा बूस्ट पंप. वीज तयार करणारा ६० अँपिअरचा एकच अल्टरनेटर, त्याचे व्होल्ट ताब्यात ठेवणारा रेग्युलेटर त्याच्या पोटातच. बॅटरी ओडिसी पीसी६८०, फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधली भिंत). व्हॅक्यूमवर चालणारं काहीच नाही. वेग, उंची, क्षितिज सगळं एका दहा इंची स्क्रीनवर. उड्डाण बहुतेक दिवसा, कधी रात्री, पुढेमागे आयएफआर, म्हणजे ढगात फक्त उपकरणांवर.

आत्ताचं सर्किट: बॅटरी, मास्टर कॉन्टॅक्टर (मोठा रिले), मुख्य बस (जिथून उपकरणांना वीज वाटली जाते ती पट्टी). मुख्य बसवरून अव्हिऑनिक्स मास्टर स्विच, त्यापुढे स्क्रीन, रेडिओ, ट्रान्सपाँडर (रडारला विमानाची ओळख देणारा), ऑटोपायलट. इलेक्ट्रॉनिक इग्निशन मुख्य बसवर. अल्टरनेटरची जाड वायर पॅनेलवरच्या ६० अँपिअर ब्रेकरपर्यंत आणलेली. बॅकअप म्हणून सीटमागे दुसरी पीसी६८०. ती मुख्य बसवरून डायोडमधून (वीज एकाच दिशेने जाऊ देतो तो) चार्ज होणार आणि वेळ आली की एका स्विचने अव्हिऑनिक्स बसला जोडायची.

मोजलेले भार, अँपिअरमध्ये: स्क्रीन आणि तिचे सेन्सर २.६, ट्रान्सपाँडर ०.६, रेडिओ ऐकताना ०.४ आणि बोलताना २.५, इग्निशन १.२, पॅनेलचे दिवे ०.२, ऑटोपायलट १.०, बूस्ट पंप १.५, नॅव्ह आणि स्ट्रोब दिवे ३, लँडिंग लाइट ४, पिटो हीट (वेग मोजणाऱ्या नळीचा हीटर) ८.

यात काय चुकतंय? आणि डायोड कुठला घ्यावा?

लातूर_ते_कॅलगरी

भार स्वतः मोजलेत हे फार बरं केलंत. माहितीपत्रकातले आकडे बेरजेला घेतले की बॅकअपचा हिशोब हमखास चुकतो.

आधी एवढंच ठरवा: वीज पूर्ण गेली तर इंजिन थांबेल का? तुमचं नाही थांबणार. मॅग्नेटो आपली ठिणगी आपणच तयार करतो आणि इंधन यांत्रिक पंप ओढतो. म्हणजे बॅकअप हवा तो पाहण्यापुरता आणि बोलण्यापुरता. त्यासाठी सात किलोची आणखी एक बॅटरी सीटमागे वाहायची गरज नाही. शिवाय मागचं वजन वाढलं की गुरुत्वमध्य मागे सरकतो, तो हिशोब वेगळाच.

आता तुमच्या सर्किटवर बोट ठेवून चला. मुख्य बसवर शॉर्ट झाला, तुम्ही दुसऱ्या बॅटरीचा स्विच टाकला, पण घाईत अव्हिऑनिक्स मास्टर चालूच राहिला. दुसरी बॅटरीसुद्धा त्याच शॉर्टमध्ये रिकामी होणार. साधा अल्टरनेटर गेला तरी तेच: ती मागच्या दाराने पिटो हीट आणि लँडिंग लाइटला वीज पुरवत बसेल. दुसरा स्रोत घातलात, पण तो पहिल्यापासून वेगळा राहील याची सोय केली नाहीत. ती सोय माणसाच्या आठवणीवर सोडू नये, डायोडवर सोडावी.

मी असं जोडेन.

बॅटरी बस: बॅटरीपासून १५ सेंटीमीटरच्या आत एक छोटा फ्यूज ब्लॉक, कॉन्टॅक्टरच्या अलीकडे, म्हणजे कायम जिवंत. त्यावर इलेक्ट्रॉनिक इग्निशन, ५ अँपिअरचा फ्यूज, स्वतःचा स्विच. मास्टर बंद केला तरी ठिणगी चालू राहिली पाहिजे.

एन्ड्युरन्स बस, म्हणजे अल्टरनेटर गेल्यावरही चालू हवं तेवढंच: स्क्रीन, ट्रान्सपाँडर, रेडिओ, पॅनेलचे दिवे. बस्स. हिला दोन वाटा. रोजची वाट मुख्य बसवरून डायोडमधून. पर्यायी वाट बॅटरी बसवरून: १० अँपिअर फ्यूज, १६ गेज वायर (गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड) आणि बॅटरीशेजारीच मोटारीत असतो तसा ३० अँपिअरचा छोटा रिले, जो पॅनेलवरच्या स्विचने ओढला जाईल. रिले बॅटरीशेजारी हवा, पॅनेलमागे नको. कायम जिवंत असलेली मोठ्या फ्यूजची वायर केबिनभर फिरली आणि विमान आदळून वाकलं, तर मास्टर बंद करूनही ती वायर ठिणग्या टाकू शकते. ५ अँपिअरपर्यंतच्या फ्यूजला रिलेशिवाय चालतं, त्यावर नको.

बाकी सगळं मुख्य बसवर.

अव्हिऑनिक्स मास्टर काढून टाका. स्टार्टरच्या झटक्यांनी जुने रेडिओ खराब व्हायचे म्हणून तो स्विच आला. आजची उपकरणं ते झटके सोसायलाच बनवलेली असतात, आणि तुमचं सगळं पॅनेल एका स्विचच्या एका जिभेवर लटकून राहतं.

डायोड: २५ अँपिअरचा ब्रिज रेक्टिफायर घ्या. स्वस्त, मजबूत आणि मधल्या भोकातून बोल्टने पत्र्यावर घट्ट बसतो. मुख्य बसची वायर एसी खुणेच्या एका पिनला, एन्ड्युरन्स बसची प्लस पिनला. उरलेल्या दोन मोकळ्या. सुमारे ६ अँपिअरला त्यात पाऊण व्होल्ट पडतो, म्हणजे साडेचार वॉट उष्णता. पत्र्याला टेकलेला असेल तर कोमट राहतो, वायरींच्या जुडग्यात कोंबला तर भाजतो.

आता वेळ. एन्ड्युरन्स बस ३.८ आणि इग्निशन १.२ मिळून ५ अँपिअर. पीसी६८० ची क्षमता १६ अँपिअर-तास, पण ती वीस तासांत हळूहळू उपसली तर. ५ अँपिअरने उपसलीत तर १३-१४ मिळतील, आणि बॅटरी जुनी व थंड असेल तर १० धरा. म्हणजे दोन तास. मास्टर चालूच ठेवलात तर कॉन्टॅक्टरची कॉइल एकटी पाऊण ते एक अँपिअर खाते. त्या दोन तासांतली वीस मिनिटं तिथेच गेली. म्हणून अल्टरनेटर गेला की क्रम असा: आधी पर्यायी वाट चालू, मग मास्टर बंद. उलट केलंत तर क्षणभर स्क्रीन अंधारते आणि ढगात असताना ती पुन्हा सुरू होण्याची वाट पाहावी लागते. एरवी पर्यायी वाट बंदच ठेवायची.

व्होल्टवर_लक्ष

वरच्याशी सहमत, पण दोन गोष्टी राहिल्या. अल्टरनेटर गेला हे कळणार कसं? आणि तो जाण्याऐवजी चेकाळला तर?

पहिलं. चांगल्या स्थितीत बसवर १३.८ ते १४.४ व्होल्ट असतात. अल्टरनेटर गेला की लगेच बारा-पॉइंट-काहीतरी. म्हणून इशारा १३.० ला लावतात. पण बहुतेक स्क्रीन आपल्या स्वतःच्या वीजपुरवठ्याच्या पिनवरचा व्होल्ट दाखवतात, आणि तुमची स्क्रीन आता डायोडच्या पलीकडे आहे. मुख्य बस १४.२ असताना ती १३.४ दाखवेल. जमिनीवर इंजिन मंद चालताना, सगळे दिवे लावलेले असताना, मुख्य बस १३.६ ला आली की स्क्रीनवर १२.९ आणि लाल इशारा. दोनचार वेळा हा खोटा इशारा आला की बांधणारा वैतागून मर्यादा ११.० वर आणतो. मग ज्या दिवशी अल्टरनेटर खरंच जाईल त्या दिवशी इशारा येईपर्यंत अर्ध्याहून जास्त बॅटरी उपसलेली असेल. वरचे दोन तास तिथेच संपले. उपाय सोपा: व्होल्ट मोजणारी स्वतंत्र वायर मुख्य बसला लावा, २२ गेज, बसपाशीच १ अँपिअरचा फ्यूज. मर्यादा १३.० वरच ठेवा, आणि इशारा हेडसेटमध्ये ऐकूही आला पाहिजे.

दुसरं, ओव्हरव्होल्टेज. रेग्युलेटरचा ट्रान्झिस्टर आतून शॉर्ट झाला तर फील्डला (अल्टरनेटरमधल्या चुंबकाच्या कॉइलला) पूर्ण वीज मिळते आणि व्होल्ट १६, १८ करत चढत जातात. शिसे-आम्लाची चांगली बॅटरी थोडा वेळ ती वीज पिऊन घेते, म्हणून तुम्हाला एखाद सेकंद मिळतो. तेवढ्यात क्रोबारने काम करायला हवं: सुमारे १६.२ व्होल्टला तो फील्डचा पुरवठा ग्राउंडशी शॉर्ट करतो आणि फील्डचा ५ अँपिअरचा ब्रेकर उडतो. तुमचा रेग्युलेटर अल्टरनेटरच्या पोटात आहे. तसल्या प्रकारात ‘चालू-बंद’ची बारीक वायर काढली तरी आतला शॉर्ट तुटेलच असं नाही. म्हणून एकतर निर्मात्याने आतच क्रोबार घातलेलं मॉडेल हवं, नाहीतर रेग्युलेटर बाहेर असलेला अल्टरनेटर. चालू अल्टरनेटरची जाड वायर कॉन्टॅक्टरने तोडणं हा उपाय धरू नका. भार अचानक सुटला की अल्टरनेटरच्या टोकावर मोठा झटका येतो आणि चांगला रेग्युलेटरसुद्धा त्यात जळतो.

ती जाड वायर पॅनेलपर्यंत आणू नका. इंजिनच्या बाजूलाच, फायरवॉलवर एएनएल प्रकारचा ६० अँपिअरचा लिमिटर (एक मोठा फ्यूजच) लावा आणि तिथून स्टार्टर कॉन्टॅक्टरच्या बॅटरीकडच्या बोल्टला जोडा. पॅनेलवर मोठा ब्रेकर म्हणजे केबिनमध्ये उष्णता आणि रेडिओत खरखर. शिवाय ६० चा अल्टरनेटर थंड असताना ६० पेक्षा थोडं जास्त देतो, त्यामुळे ब्रेकर काही दोष नसताना उडतो.

ओहायोचा_मिस्त्री

डायोडपलीकडच्या व्होल्टचं डोक्यातच आलं नव्हतं. मनापासून आभार, दोघांचेही.

दोन शंका. आयएफआरला दोन तास पुरतील का? आणि वजन वाचवायला पीसी६८० च्या जागी लिथियम घेतली तर?

लातूर_ते_कॅलगरी

आयएफआरसाठी माझं मत स्पष्ट आहे: इंधन संपेपर्यंत वीज हवी. आरव्ही-९ए मध्ये ३६ गॅलन इंधन, तासाला ८ धरलं तर साडेचार तास. तेवढं बॅटरीतून काढायला जाल तर वजन वाढतच जाईल. तुमच्या इंजिनावर व्हॅक्यूम पंपाची जागा रिकामी आहे, तिथे छोटा अल्टरनेटर बसवा. दोन प्रकार मिळतात.

कायमचुंबकी ८ अँपिअरचा डायनॅमो: तुमचे ५ अँपिअर तो सहज पेलतो, म्हणजे बॅटरी जशीच्या तशी उतरताना वापरायला शिल्लक. लायकोमिंगची ती जागा इंजिनच्या १.३ पट वेगाने फिरते, तरी ८ हा आकडा चढ्या फेऱ्यांचा आहे. उतरताना थ्रॉटल मागे घेतलं की तो बराच कमी देतो, आणि लँडिंग लाइट नेमका तेव्हाच लागतो. ती तूट बॅटरी भरून काढते, म्हणून बॅटरी राखून ठेवायची. याला फील्ड नसतं, त्यामुळे फील्ड तोडून बंद करता येत नाही. त्याची वायर रिलेनेच तोडावी लागते आणि ओव्हरव्होल्टेजचं संरक्षण त्या रिलेला लावायचं. रेग्युलेटरजवळ वीसेक हजार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लागतो, नाहीतर हेडसेटमध्ये शिट्टी ऐकू येते.

२० अँपिअरचा फील्डवाला: जास्त जड, जास्त महाग. पण त्याचा रेग्युलेटर मुख्यपेक्षा कमी व्होल्टला, १३ च्या आसपास बेतलेला असतो. मुख्य अल्टरनेटर गेला आणि बस त्या पातळीला उतरली की हा आपोआप भार उचलतो आणि दिवा लावून सांगतो. ढगात हात दुसऱ्या कामात असताना ही मोठी सोय आहे.

दोन्ही तुमच्या दुसऱ्या बॅटरीपेक्षा हलके. दुसरी बॅटरी परत करता आली तर करा. परत होत नसेल तर गॅरेजमध्ये ठेवा, पण विमानात नको.

शिवाय बऱ्याच स्क्रीनना स्वतःची बॅटरी जोडता येते. डायनॉन स्कायव्ह्यू स्क्रीनची बाह्य बॅटरी किमान तासभर चालते. पॅनेलवर गार्मिन जी५ दुसरं क्षितिज म्हणून लावलंत तर त्याची पाठीवरची बॅटरी चार तासांपर्यंत जाते. केबिनमध्ये धूर झाला तर याच बॅटरीचा खरा उपयोग: मास्टर बंद, पर्यायी वाटही बंद, इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा स्विचही बंद, केबिनमधल्या जवळपास सगळ्या वायरी मृत, तरी क्षितिज समोर आहे आणि इंजिन मॅग्नेटोवर चालू आहे. धुरात ‘कुठली वायर’ हे शोधत बसायचं नाही.

व्होल्टवर_लक्ष

लिथियमबद्दल. आत बीएमएस (बॅटरीवर नजर ठेवणारं सर्किट) असलेली लिथियम आयर्न फॉस्फेट चांगली असते, पण तिचा स्वभाव वेगळा. व्होल्ट जास्त झाले किंवा फार उतरले की बीएमएस स्वतःला सर्किटमधून काढून घेतो. चेकाळलेल्या अल्टरनेटरसमोर शिसे-आम्ल छाती काढून उभी राहते, लिथियम बाजूला होते आणि सगळा झटका उपकरणांवर येतो. म्हणून लिथियम असेल तर ओव्हरव्होल्टेज संरक्षण नसलेला अल्टरनेटर अजिबात चालणार नाही. तिचा व्होल्ट शेवटपर्यंत जवळपास सपाट राहतो आणि मग एकदम कोसळतो, त्यामुळे व्होल्ट बघून ‘किती उरली’ हे कळत नाही, घड्याळ लावा. आणि शिसे-आम्ल व लिथियम एकाच बसला समांतर कधीही जोडू नका.

रोटॅक्स_प्रेमी

मध्येच विचारतो. माझ्याकडे रोटॅक्स ९१२ आयएस इंजिन आहे. हेच सर्किट चालेल का?

लातूर_ते_कॅलगरी

नाही चालणार. तुमचं इंजिन विजेशिवाय थांबतं. ९१२ आयएस मध्ये दोन जनरेटर आत आहेत, ए आणि बी. ए इंजिनच्या संगणकाला आणि इंधन पंपांना पोसतो, बी विमानाला. ए गेला तर बी इंजिनाकडे वळतो आणि विमान फक्त बॅटरीवर उरतं. म्हणून तुमच्या बॅटरीचा हिशोब ‘बी गेला’ एवढ्यावर थांबत नाही, ‘ए गेल्यावर पॅनेल किती वेळ’ हाही करावा लागतो. निर्मात्याच्या वायरिंग नकाशात स्वतःची सुधारणा घालू नका.

लायकोमिंगवर इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन घालणाऱ्यांनाही हेच लागू. तिथे मी स्वतः दोन बॅटऱ्या सुचवतो: दोन पंप, दोन वेगळ्या बॅटऱ्यांवर, दोन वेगळे फ्यूज, आणि इंजिन बसला दोन्हीकडून डायोड. बहुतेकांकडून राहून जाते ती उणे बाजू. दोन बॅटऱ्या, दोन पंप, आणि दोघांचं ग्राउंड एकाच लगवर (वायरच्या टोकाचा धातूचा जोड) एकाच नटखाली. तो नट सैल झाला की इंजिन बंद.

सोल्डर_नको

नकाशा झाला, आता हातकामाचं बोलतो. उपकरण बिघडण्यापेक्षा जोड सुटणं कितीतरी जास्त घडतं.

वायर टेफझेल आवरणाचीच, १५० अंशांपर्यंतची. मोटारीची पीव्हीसी वायर जळली की केबिनमध्ये विषारी धूर करते. फ्यूज वायर वाचवायला असतो, उपकरण वाचवायला नाही: २२ गेजला ५ अँपिअर, २० ला ७, १८ ला १०. तुमच्या पर्यायी वाटेला १६ गेज आणि १० चा फ्यूज म्हणजे वायर फ्यूजपेक्षा एक पायरी जाड. तसंच ठेवा.

लग आतून धातूची नळी असलेले घ्या, जी वायरचं आवरणही पकडते. लाल २२ ते १६ गेजला, निळा १६-१४, पिवळा १२-१०. क्रिम्पर (लग वायरवर दाबून बसवणारी पकड) रॅचेटवालाच, पूर्ण दाबल्याशिवाय जो सुटत नाही तो. वायर सोलताना एकही तार कापली गेली तर पुन्हा सोला. क्रिम्प झाल्यावर लगच्या नळीतून तांब्याची टोकं जेमतेम एक मिलिमीटर डोकावली पाहिजेत. आत अडकली असतील तर पकड अर्धीच बसली आहे. टाकाऊ तुकड्यावर २२ गेजचा नमुना करून त्याला सात लिटर पाण्याची बादली टांगा. सुटला तर क्रिम्पर किंवा लग बदला. क्रिम्पवर सोल्डर ओतू नका: तारांमध्ये ते वर चढतं, वायर तिथे काडीसारखी ताठ होते आणि कंपनाने नेमकी त्याच रेषेवर तुटते.

ग्राउंड: फायरवॉलच्या दोन्ही बाजूंना पितळी पट्टी, मधून एकच पितळी बोल्ट. इंजिनपासून त्या बोल्टपर्यंत विणलेली पट्टी. रबराच्या माउंटमधून वीज जात नाही. ती पट्टी सैल असेल तर स्टार्टरची दीडदोनशे अँपिअर वीज थ्रॉटल आणि मिक्स्चरच्या केबलमधून वाट काढते आणि केबल आतून जळून अडकते. तपास सोपा: स्टार्टर फिरत असताना बॅटरीची उणे बाजू आणि क्रँककेस यांच्यात व्होल्ट मोजा. ०.३ च्या वर गेला तर जोड उघडून घासा.

इंधनाच्या नळीला वायर कधी बांधायची नाही. शेजारून न्यावीच लागली तर नळीच्या वरून न्या, वेगळ्या क्लॅम्पमध्ये.

ओहायोचा_मिस्त्री

सुधारलेलं सर्किट: एक पीसी६८०, बॅटरी बस, डायोडसह एन्ड्युरन्स बस, रिलेची पर्यायी वाट, रेग्युलेटर आणि क्रोबार बाहेर असलेला ६० चा अल्टरनेटर, एएनएल फायरवॉलवर, व्हॅक्यूमच्या जागी २० चा अल्टरनेटर, शिवाय जी५. ऑटोपायलट मुख्य बसवरच ठेवलाय, बरोबर? आणि पर्यायी वाटेचा स्विच मास्टरच्या शेजारी लावतोय.

लातूर_ते_कॅलगरी

सर्किट ठीक आहे. फक्त ऑटोपायलट एन्ड्युरन्स बसवर घ्या. एकट्या वैमानिकाला ढगात बिघाड निस्तरताना तो एक अँपिअर सार्थकी लागतो. बॅटरीवरचा वेळ दोन तासांवरून शंभर मिनिटांवर येईल, पण आता २० चा अल्टरनेटर आहे.

स्विच मास्टरशेजारी नको, निदान चार बोटं लांब आणि वेगळ्या आकाराच्या दांडीचा. हाताला न बघता कळला पाहिजे.

दिवसाच्या पहिल्या उड्डाणाआधी मास्टरच्या आधी पर्यायी वाट चालू करा. स्क्रीन, रेडिओ उजळले पाहिजेत आणि मुख्य बस मृत राहिली पाहिजे. बूस्ट पंप चालू करून पाहा. तो आवाज करू लागला तर डायोड शॉर्ट झालाय, उडू नका. मग पर्यायी वाट बंद, मास्टर चालू: स्क्रीन पुन्हा उजळली तर डायोडची वाटही शाबूत. वीस सेकंदांचं काम.

वर्षातून एकदा पूर्ण चार्ज बॅटरीवर हाच ५-६ अँपिअरचा भार लावून घड्याळ लावा, ११ व्होल्टला थांबा, लगेच चार्जरला जोडा. उपसलेली बॅटरी रात्रभर तशीच ठेवली तर तीच खराब होते. मिनिटं लॉगबुकात लिहा. नवी असतानाच्या तीन चतुर्थांशाखाली आली की बदला, भले तिने इंजिन झोकात फिरवलं तरी. स्टार्टर फिरवायला दोनतीन सेकंदांची ताकद लागते, आणि म्हातारी बॅटरी तेवढी देतेच.